एकच तवा, आठ माणसे

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी शहरात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, वाणसामानाचे दुकान आणि नखे रंगवून देणारे सलून यांच्या मधोमध एक साधे जपानी हॉटेल आहे. दर्शनी बाजूला सुशीचा काउंटर, मागे हिबाचीची चार टेबले, आणि वीसएक डॉलरांत एका माणसाचे पोटभर जेवण. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये डोंबिवलीहून आलेल्या आईला मी तिथे नेले. तिने आयुष्यात अंडेही खाल्लेले नाही, त्यामुळे बायकोच्या मते हा उपद्व्याप होता.

हिबाचीच्या टेबलाची रचना अशी असते की मधोमध लोखंडी पत्र्याचा मोठा तवा, त्याच्या तीन बाजूंना आठ खुर्च्या आणि चौथ्या बाजूला आचारी. तुम्ही चौघे असाल तर उरलेल्या चार खुर्च्यांवर अनोळखी माणसे येऊन बसतात. आमच्या शेजारी मुलाचा वाढदिवस साजरा करायला आलेले एक कुटुंब बसले होते, आणि त्यांनी स्टेक, कोळंबी आणि कोंबडी अशी तिन्ही प्रकारची मागणी नोंदवली होती. आईने तव्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "अरे, तवा एकच आहे का?"

खरे तर यातले हिबाची हे नावसुद्धा चुकीचे आहे. जपानमध्ये हिबाची म्हणजे राखेत निखारे ठेवून हात शेकायची शेगडी. लोखंडी पत्र्यावर भाजण्याला तिकडे तेप्पानयाकी म्हणतात, आणि ग्राहकांसमोर असे शिजवून वाढण्याची सुरुवात १९४५ मध्ये कोबे शहरातल्या 'मिसोनो' या हॉटेलाने केली असे मानले जाते. १९६४ मध्ये हिरोआकी ऊर्फ रॉकी आओकी या तरुणाने न्यूयॉर्कमध्ये 'बेनिहाना' हे हॉटेल काढले, आणि उलथन्यांच्या कसरतीसह हा प्रकार अमेरिकेत रुजला. कांद्याच्या चकत्यांची उतरंड रचून तिच्यातून ज्वाळ काढायची, ग्राहकाच्या तोंडात लांबून कोळंबी फेकायची, हे सगळे अमेरिकन गिऱ्हाइकासाठीच. आमचा आचारी तर मेक्सिकोचा होता.

मी त्याला आईची अडचण सांगितली. त्याने मान डोलावली, तव्यावर पाणी ओतले, वाफेच्या लोटात कालथ्याने तवा खरवडला, पुसला, उलथनी बदलली, आणि सगळ्यांच्या आधी आईचा भात, झुकिनी, कांदा आणि टोफू परतून तिच्या ताटात घातले. मग अंडी फुटली, कोळंबी पडली, आणि सर्वांत शेवटी स्टेक. वाढदिवसाच्या मुलाचे वडील तोवर निमूटपणे थांबले. या थांबण्यात काही विशेष आहे असेही त्यांना वाटले नसावे. आईने सुरुवातीचे सूप मात्र बाजूला सारले, आणि ते बरोबरच होते, कारण दिसायला पाण्यासारखे असले तरी ते हाडांच्या रश्शाचे होते. पांढरट-गुलाबी सॉसही तिला वर्ज्यच, कारण त्यात मेयोनेज म्हणजे अंडे.

हे सारे पाहताना मला मुंबई-ठाण्यातले दोन वाद आठवत होते. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या खानावळीत काही टेबले फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली, आणि निषेधाचा भाग म्हणून झालेल्या कृतीबद्दल विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड ठोठावला गेला. दुसरा वाद आईच्याच गावचा. १५ ऑगस्ट २०२५ रोजी मांसविक्रीची दुकाने चोवीस तास बंद ठेवण्याचा आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेने काढला. आईच्या जिन्यावर समोरच्या दारात राहणाऱ्या काकूंकडे सुट्टीच्या दिवशी मासे-मटण असतेच. आईचे म्हणणे असे की आपल्याला वास नको असेल तर आपण आपले दार लावून घ्यावे. त्यांच्या कढईत काय शिजावे हे महापालिकेने का सांगायचे?

आईचा हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. तवा घासून द्या, ही तिने स्वतःच्या ताटापुरती केलेली मागणी आहे, आणि ती पुरी करायला पाच मिनिटे लागतात. या टेबलावर तुमचे ताट नको, ही शेजाऱ्याच्या ताटावर केलेली सक्ती आहे. आपल्याकडे या दोहोंची सरमिसळ सोयीने केली जाते आणि वर तिला स्वच्छतेचे किंवा भावनांचे नाव दिले जाते. ज्या समाजात १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे राखीव टेबल हे केवळ जेवणाच्या आवडीनिवडीचे टेबल उरत नाही.

यावर पुण्यातले माझे मित्र म्हणतात की तिकडे बसून हे सांगणे सोपे आहे. आक्षेप अर्धा खरा आहे. त्या आचाऱ्याची तत्परता बिलावरच्या वीस टक्के टिपेशीही जोडलेली होती, आणि आईच्या शाकाहाराने तिथे कोणाचीच पायरी ठरत नव्हती, म्हणून तो सोसणे कोणाला जड गेले नाही. पण अमेरिकेला हा समजूतदारपणा जन्मजात मिळालेला नाही. आमच्या घरापासून सव्वा तासावर ग्रीन्सबोरो आहे. तिथल्या वुलवर्थच्या दुकानात १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले, त्यांना वाढायला नकार मिळाला, आणि तो काउंटर सर्वांना खुला व्हायला जुलै उजाडला. ती इमारत आता संग्रहालय आहे. आईला तिथेही नेले.

दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याचा मोह जपानलाही झाला होता. २००६ मध्ये तिथल्या कृषी खात्याने परदेशातल्या जपानी हॉटेलांना अस्सलपणाची प्रमाणपत्रे देण्याचा विचार मांडला, तेव्हा 'सुशी पोलीस' म्हणून त्याची इतकी टिंगल झाली की योजना सौम्य करावी लागली. आमच्या हॉटेलातल्या कॅलिफोर्निया रोलचे काय झाले असते कोण जाणे: भात बाहेर, समुद्री शेवाळाचा कागद आत, आणि खेकड्याच्या नावाखाली माशाचा रंगवलेला लगदा. आईने काकडीचा रोल घेतला, त्याला सुरळीची वडी म्हटले, आणि वसाबीने नाकात झणका गेल्यावर मोहरी फेसल्याची आठवण काढली. त्यातही ती चुकली नव्हती, कारण स्वस्त वसाबी बहुधा हॉर्सरॅडिश नावाचे झणझणीत मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचीच असते.

उरलेला भात आम्ही दोन डब्यांत भरून घरी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आपल्या भाताला मोहरी-हळदीची फोडणी दिली. माझा अंड्याचा भात तिने वेगळ्या कढईत गरम केला, पण केला तिनेच.