गांधींची हत्या आणि अफझलखानाची तुलना

दर जानेवारीत फिरणारा तो लांबलचक मेसेज यंदा माझ्या भाच्यापर्यंत पोचला. अकरावीत आहे, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत हेच बोलणार म्हणतो. मेसेजचं म्हणणं असं: गांधींनी उपोषण करून पाकिस्तानला 55 कोटी द्यायला लावले, फाळणीही त्यांनीच केली, म्हणून महाराजांनी अफझलखान मारला तसा नथुरामने गांधींना मारला, आणि त्याचं निवेदन ऐकून न्यायाधीशांनाही तो निर्दोष वाटला.

अफझलखानाचं आधी घेतो, कारण संताप त्याचाच आला. खान आदिलशाहीची फौज घेऊन स्वराज्य बुडवायला आला होता. बिर्ला हाउसमध्ये 30 जानेवारी 1948 ला 78 वर्षांचे गांधी मनू आणि आभाच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थनेला निघाले होते. येणाऱ्यांची झडती घ्यायला त्यांनीच नकार दिला होता. यात रणांगण कुठलं? नथुरामचं पुण्यात स्वतःचं दैनिक होतं. गांधींविरुद्ध लिहायला त्याला कोणाची भीती होती?

शिवाय मारायचं एकट्या गांधींना होतं, हेही खरं नाही. 20 जानेवारीला मदनलाल पाहवाने गनकॉटनचा स्फोट करायचा आणि गोंधळ उडाला की बाकीच्यांनी हातबॉम्ब फेकायचे, असा बेत होता. बायका-मुलं बसलेल्या प्रार्थनासभेत! स्फोट झाला, साथीदार पळाले, मदनलाल सापडला तेव्हा त्याच्याजवळ जिवंत हातबॉम्ब होता. लाल किल्ल्यातल्या खटल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे हे सगळं आलं. महाराजांचं नाव याला जोडताना लाज वाटायला हवी.

आता 55 कोटी. उपोषण चालू असताना सरकारने ती रक्कम सोडली, हे खरं. पण ती खिरापत नव्हती. वाटणीत पाकिस्तानचे 75 कोटी ठरले होते, 20 आधीच दिले होते, उरलेले काश्मीरच्या लढाईमुळे अडवून धरले होते. आणि तारखा बघा. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने सांगितलं की नथुरामचा साथीदार नारायण आपटे याने त्याच्याकडे गनकॉटन आणि हातबॉम्ब मागितले ते 10 जानेवारीला. उपोषण जाहीर झालं 12 ला, पैसे सोडल्याची घोषणा 15 ला. दरम्यान 13 आणि 14 ला नथुरामने आपल्या विमा पॉलिसींवर वारस नेमून ठेवले. जो निर्णय झालाच नव्हता, त्याच्या रागाने ही तयारी झाली?

न्यायाधीशांचं म्हणाल तर अपील ऐकणारे न्यायमूर्ती खोसला यांनी नंतर एवढंच लिहिलं, की नथुराम बोलला त्या दिवशीचे कोर्टातले प्रेक्षक ज्यूरी असते तर त्यांनी त्याला सोडलं असतं. खोसलांनी स्वतः इतर दोघा न्यायमूर्तींसह फाशी कायम केली. फाळणी काँग्रेस नेतृत्व, मुस्लिम लीग आणि माउंटबॅटन यांनी मिळून ठरवली. गांधी विरोधात होते, निर्णय झाल्यावर मात्र त्यांनी काँग्रेसला तो नाइलाजाने स्वीकारायला सांगितलं.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, निरपराध माणसं देशोधडीला लागली. याबद्दल फारसं बोललं जात नाही, हेही बरोबर. ज्यांचा कटाशी काडीचा संबंध नव्हता त्यांना जात बघून शिक्षा झाली. ती जाळपोळ करणारेही स्वतःला न्याय करणारेच समजत होते. मेसेज लिहिणाऱ्याला त्यांचा राग येतो, तो योग्यच आहे. मग त्याच तोंडाने पिस्तुलाची आरती का?