बिनपाण्याचं तर्कशास्त्र

पारावर, टपरीवर किंवा सोयऱ्याच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या तुम्ही वादात हरत असाल, तर सगळा दोष शाळेचा. आधी पुरावा, मग निष्कर्ष असं उफराटं तिथंच शिकवतात. आपल्याकडं निष्कर्ष घरून निघतानाच खिशात टाकायचा असतो. पुरावा वाटेत भेटला तर भेटला.

सुरुवात यमकानं करा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ याला कुणी कधी आकडेवारी मागितलीय? ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हेही तोच माणूस ऐकवतो, आणि दोन्ही वेळा माना डोलतात. यमक जुळलं की विषय मिटला.

मग कावळा आणि फांदी. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी तेव्हाच्या औरंगाबादहून विमान उडालं. पाऊस पडला तर विमानानं पाडला, नाही पडला तर ढगच नालायक. पावसाळ्यात पाऊस एरवीही पडतो, असं कुणी म्हणालंच तर त्याला चहा पाजा.

खरं शिक्षण मात्र बोअरच्या गाडीमागं उभं राहूनच मिळतं. आधी पानाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून धुऱ्यानं चालतो आणि एका जागी नारळ उभा राहतो. आपल्याखाली काळा बेसॉल्ट. पाणी असलंच तर त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. पण पाणी लागलं की श्रेय नारळाचं. नाही लागलं तर? नवखे इथंच गडबडतात. पाणी होतंच हो, शेजाऱ्यानं बोअर मारून झरा तिकडं ओढला! नाहीतर नारळ उभा राहिला तेव्हा कुणीतरी चप्पल घालून आलं होतं. नारळ चुकत नसतो.

दोनशे फुटांवर नुसता फुफाटा उडतोय, तोंडाला रुमाल बांधलेला चुलतभाऊ विचारतोय, “दादा, थांबावं का?” तुम्ही म्हणायचं, “एवढे पैसे घातले, आता पन्नास फुटांसाठी कामून माघार घ्यायची?” हे वाक्य चारशेवरही चालतं. पाचशेवर तर जास्तच पटतं, कारण तोवर आणखी पैसे गेलेले असतात. खोल जाल तसा फुटाचा भाव चढतो, तुमची खात्रीही चढते. घरी गेल्यावर बायको हिशोब विचारेल. तिच्यासाठी वेगळं तर्कशास्त्र लागतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

ऊस कामून लावला, असं कुणी विचारलं तर वड्याचं तेल वांग्यावर काढा: “नाशिक-नगरवाले जायकवाडीचं पाणी वरच अडवतात, त्याचं काय?” हा प्रश्नही खराच आहे, म्हणून तर उपयोगी पडतो. समोरचा चिवट निघाला, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं याची आठवण देऊ लागला, तर डोळे मोठे करून म्हणा, “आलं ना शेवटी पाणी? मग?”

एवढं करूनही कोंडीत सापडलातच, तर शेवटी आपला ससा आहेच. तीन पायांचा. समोरच्यानं जिवंत ससा आणून चार पाय मोजून दाखवले तरी डगमगू नका. नीट न्याहाळा आणि म्हणा, “हा नगरचा दिसतोय.”