तो कागद कुठल्या दफ्तरात आहे?

डिसेंबरात मी तीन आठवडे पुण्यात होते. टिळक रस्त्यावरच्या एका लहानशा सभागृहात माझ्या ऐतिहासिक कादंबरीवर बोलायला बोलावलं होतं. साठेक माणसं असतील. प्रश्नोत्तरं संपत आली तेव्हा दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. हातातल्या पुस्तकात कागदाच्या पट्ट्या खोचलेल्या. म्हणाले, "ताई, पान १४२. खडकीच्या लढाईच्या रात्री तुमचा कारकून दफ्तरातला कागदांचा एक रुमाल घरी नेतो आणि आडाच्या कोनाड्यात लपवतो. त्यात जी चिठ्ठी आहे, तो कागद कुठल्या दफ्तरात आहे? दोन महिने विचारतोय, कुणाला माहीत नाही."

मी म्हटलं, "काका, तो कागद कुठेच नाही. तो मी लिहिला."

ते रागावले नाहीत. पुस्तक मिटून एवढंच म्हणाले, "मग हे पुस्तकात कुठे सांगितलं का नाही?"

सांगितलं होतं. हस्तलिखिताच्या शेवटी सात पानांची टीप होती. कुठल्या गोष्टीला कागदाचा आधार आहे, कुठली तारीख दोन दिवस पुढे ढकलली, कुठली माणसं सर्वस्वी माझी, हे त्यात नीट मांडलं होतं. पुण्यातल्या माझ्या प्रकाशकांनी ती टीप काढायला लावली. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडे वाचक ऐतिहासिक कादंबरी इतिहास म्हणून विकत घेतो. शेवटी "हे कल्पित आहे" असं छापलं तर त्याला फसवल्यासारखं वाटेल, आणि ज्यांना वादच घालायचा आहे त्यांना आयती यादी मिळेल. मी राहते स्कॉटलंडातल्या एडिंबऱ्यात, ते पुण्यात. चार वर्षांचं काम छापखान्याच्या दारात अडकलेलं. मी होकार दिला. तो होकार चुकला, हे मला त्या आजोबांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं.

मी राहते त्या शहरातल्या मुख्य रेल्वे स्टेशनला एका ऐतिहासिक कादंबरीचं नाव आहे. वेव्हर्ली. वॉल्टर स्कॉटची ही कादंबरी १८१४ साली लेखकाच्या नावाविना निघाली. स्टेशनातून वर आलं की त्याचं काळवंडलेलं स्मारक दिसतं, दोनशे फूट उंच. कामावर जाताना रोज त्याच्या पायथ्यावरून ट्राम पकडायला जाते. स्कॉटचं एक प्रकरण मात्र मला अलीकडे फार जवळचं वाटू लागलं आहे. १८२६ साली त्याचे प्रकाशक बुडाले आणि त्यांच्याबरोबर तोही प्रचंड कर्जात गेला. कर्ज फेडण्यासाठी १८२९पासून त्याने आपल्या साऱ्या कादंबऱ्या नव्याने काढल्या, प्रत्येक खंड पाच शिलिंगांना. या आवृत्तीत नवीन होत्या त्या त्याच्या प्रस्तावना आणि टिपा: ही दंतकथा कुठे ऐकली, हा प्रसंग कुणाच्या आयुष्यातला, इथे मी काय बदललं. ती आवृत्ती धडाक्याने खपली. टिपांनी वाचक पळतो, हे मला प्रकाशकांनी सांगितलं तेव्हा हे उदाहरण माझ्या जिभेवर यायला हवं होतं.

आणि तेच १८२६ साल आपल्यालाही ओळखीचं आहे. स्कॉटलंडातल्याच बॅन्फ गावचा जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी, होता. त्याचा मराठ्यांचा तीन खंडांतला इतिहास लंडनमध्ये त्याच वर्षी छापला गेला. पुढे चाळीसेक वर्षांनी डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्या इतिहासावर सडेतोड टीका लिहिली, ती 'विविधज्ञानविस्तार' मासिकात आली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते ती रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड', तीही त्याच मासिकातून क्रमशः येत होती. १८७१ साली तिचं पुस्तक झालं. म्हणजे इतिहासाला "पुरावा कुठे?" विचारणारा लेख आणि इतिहासातून गोष्ट रचणारी कादंबरी एकाच मासिकात शेजारी वाढली. आज मात्र पुण्यात या दोघांना एका खोलीत बसवायची कुणाची तयारी नाही.

यंदाच्या मुक्कामात दोन्ही बाजू भरपूर ऐकल्या. एक बाजू म्हणते, कादंबरीकारांनी इतिहासाची मोडतोड केली, लोकांच्या डोक्यात कादंबऱ्यांतले संवादच इतिहास म्हणून बसले, तेव्हा हा प्रकारच बंद करा. दुसरी म्हणते, लेखक स्वतंत्र आहे, त्याला कागद मागू नका. पहिल्या बाजूचं दुखणं खरं आहे. शाळेच्या भाषणांत मुलं जी वाक्यं ऐतिहासिक पुरुषांच्या तोंडची म्हणून ठोकतात, त्यांतली कितीतरी कादंबऱ्यांतून आणि नाटकांतून उचललेली असतात. पण लेखकाला गप्प बसवून हे सुधारणार नाही. आणि दुसऱ्या बाजूचं स्वातंत्र्य मला अपुरं वाटतं, कारण त्यात वाचकाला काही देणं लागत नाही. मला वाचकाचं देणं मान्य आहे. मी काय रचलं ते मी त्याला सांगावं, आणि मग त्याने मला रचू द्यावं.

हे इथे एडिंबऱ्यात बसून बोलणं सोपं आहे, हे कबूल करते, कारण कायदाच वेगळा आहे. ब्रिटनमध्ये मेलेल्या माणसाची बदनामी कायद्याच्या लेखी होत नाही. आपल्याकडे जुन्या दंड संहितेच्या ४९९ कलमाचं पहिलंच स्पष्टीकरण सांगतं, की मृत व्यक्तीवरचा आरोपही बदनामी ठरू शकतो, जर त्याने जिवंतपणी तिच्या लौकिकाला धक्का लागला असता आणि हेतू घरच्यांच्या भावना दुखवण्याचा असेल. नव्या न्याय संहितेत ते ३५६ कलमात आलं आहे. माझ्या करारात एक ओळ होती: कुणी हरकत घेतली, दावा लावला, तर सारा खर्च लेखिकेचा. तशी ओळ इथल्या करारांतही असते. फरक एवढाच, की इथे ती वाचून झोप उडत नाही. मी एका सरदार घराण्याचं नाव शेवटच्या प्रुफात बदललं. कागद माझ्या बाजूने होता, तरी बदललं. ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेत काय झालं, ते पुण्यात लिहिणारा कुणी विसरलेला नाही. ग्रंथांची आणि कपाटांची ती नासधूस मी परदेशात बसून बातम्यांत पाहिली होती.

माझा कारकून जन्मला तोही जळालेल्या कागदांतूनच. ५ नोव्हेंबर १८१७ला पेशवे आणि इंग्रजांत खडकीची लढाई झाली आणि संगमावरची इंग्रजांची रेसिडेन्सी पेटवली गेली. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याची पुस्तकं, टिपणं, सगळं त्यात गेलं. पेशव्यांच्या दफ्तरात आयुष्यभर रोजकीर्द लिहिणाऱ्या माणसाने तो धूर पाहिला असेल, तर त्याच्या मनात पहिली भीती कुठली येईल? आता आपली पाळी. म्हणून तो एक रुमाल उचलून घरी नेतो. हा माणूस कुठल्याही यादीत मला सापडला नाही. पण असा माणूस नसता तर कागद टिकलेच नसते, असं मला पुणे पुराभिलेखागारात बसून वाटत राहिलं. कौन्सिल हॉलजवळच्या त्या दगडी इमारतीत लाल कापडात बांधलेले रुमाल फळ्यांवर रांगेने आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४च्या दरम्यान निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी ते त्या डोंगरातून काढलेल्या ओंजळीएवढेच.

मोडी मी पुण्यातच शिकले, सुट्टीत येऊन, दोन टप्प्यांत. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत अंतर नाही. पहिल्या वर्षी एका सकाळी मला दीड ओळ लागली होती, आणि ती दिव्याच्या तेलाचा हिशेब निघाली. पण तेल कुणाच्या खोलीला किती, यातूनच वाड्यात कोण रात्री जागं असायचं ते कळलं. त्या एका हिशेबावर माझं आख्खं चौथं प्रकरण उभं आहे. हेही त्या टिपेत होतं.

आता विक्रीचं. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, किंमत ४५० रुपये, मानधन दहा टक्के. म्हणजे सगळ्या प्रती संपल्यावर लेखिकेच्या हाती २२,५०० रुपये. प्रकाशनपूर्व सवलतीत शंभरेक गेल्या, बाकी वितरक, ग्रंथालयं आणि अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांतून, दीड वर्षात. प्रकाशकही यात श्रीमंत होत नाहीत; छपाई, कागद आणि वितरकाची सूट वजा जाता त्यांच्याकडेही फारसं उरत नाही, हे मी आकडे मागून पाहिलं आहे. मला खटकतं ते ग्रंथालयांचं. महाराष्ट्रात १९६७पासून ग्रंथालय कायदा आहे, गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत, आणि मराठी कादंबरी खरी वाचली जाते ती तिथेच. एक प्रत बांधणी सुटेपर्यंत शंभर घरं फिरते. लेखकाला मिळतात एका प्रतीचे पैसे. ब्रिटनने १९७९ साली कायदा केला आणि १९८४पासून सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक घरी नेलं गेलं की लेखकाच्या नावावर काही पेन्स जमा होतात. वर्षाला एका लेखकाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड, त्यामुळे खपाऊ लेखकच सगळं नेत नाहीत. डेन्मार्कने तर हे १९४६ सालीच सुरू केलं होतं. आपल्या साहित्य संमेलनांत ठरावांची कमतरता नसते. या विषयावर एक ठराव आणि मग सरकारकडे पाठपुरावा, एवढं झालं तरी मराठीत चार वर्षं कागद वाचून लिहिणारा माणूस पाचवं वर्षही काढू शकेल.

इकडे ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. कादंबरीची तीन प्रकरणं इंग्रजीत करून मी एका साहित्यिक एजंटला पाठवली. उत्तर सभ्य होतं: लेखन आवडलं, पण नावं फार, आणि मध्यभागी एखादा ब्रिटिश माणूस असेल तर वाचकाला आत शिरता येईल. माझ्या पुस्तकात एल्फिन्स्टन दोनदा घोड्यावरून जातो, तेवढाच. त्याला मध्यभागी आणलं की माझा कारकून पुन्हा भिंतीशी जाऊन उभा राहणार. मी नाही म्हटलं. शिवाय कल्पित गोष्ट इतिहास होऊन बसण्याचा रोग इथेही आहे. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला तेव्हा त्याच्या स्वागताचा थाट स्कॉटनेच आखला होता, आणि चौकड्यांच्या कपड्यांतलं जे स्कॉटलंड प्रवाशांना विकलं जातं, त्यात त्या थाटाचा मोठा वाटा आहे. इथले इतिहासकार अजून त्यावर लिहितात, भांडतात. कादंबऱ्या बंद करा, असं मात्र कुणी म्हणत नाही.

आणि एक गोष्ट मला इथे कधीच मिळाली नाही. दोन महिने माझा एक कागद शोधत फिरणारा वाचक.

परत आल्यावर मी त्या आजोबांना ती सात पानं टपालाने पाठवली. दुसऱ्या आवृत्तीत ती छापायची, नाहीतर आवृत्ती नको, असं प्रकाशकांनाही कळवलं. बरीच पत्रापत्री झाली, शेवटी ते तयार झाले. आजोबांचं उत्तर फेब्रुवारीत आलं, आखीव कागदावर, बारीक अक्षरात. टीप त्यांनी ओळीओळीने तपासली होती. दोन ठिकाणी तारखा जुळत नव्हत्या, त्या दुरुस्त करून दिल्या होत्या. शेवटी लिहिलं होतं: "चिठ्ठी आपली कल्पना, हे मान्य. परंतु पान १४१ वर कारकून चांदण्यातून घरी जातो, ते आधाराच्या आणि कल्पिताच्या दोन्ही यादींत नाही. जंत्री पाहिली. ५ नोव्हेंबर १८१७ म्हणजे आश्विन वद्य एकादशी. चंद्रकोर पहाटे तीनच्या सुमारास उगवली असेल. चांदणं कुठून आणलंत?"

ते चांदणं मी काढलं आहे. कारकून आता रुमाल पोटाशी धरून, एका हाताने वाड्यांच्या भिंती चाचपत, अंधारातून घरी जातो.