62 दिवस झाले, एक मीटर लागत नाही

आज सकाळी सहाला गच्चीवर जाऊन सोलर पॅनल धुऊन आले. धूळ बसली की वीज कमी होते, आठवड्यातून दोनदा पाणी मारा, असं बसवणाऱ्या पोरांनी सांगितलं होतं. म्हणून मारते. ओल्या फडक्याने कोपरे पुसते. आणि खाली उतरताना जिन्यातल्या इन्व्हर्टरकडे नजर गेली की डोकं तडकतं. दिवा नाही, आकडा नाही, काही नाही. शेजारच्या एमसीबीवर, म्हणजे वीज चालू-बंद करायच्या खटक्यावर, चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं, 'चालू मत करना'. पाडव्यानंतर पाचव्या दिवशी ही पट्टी लागली. आज 62 दिवस झाले.

62 दिवस! इंदूरचं एप्रिल-मेचं ऊन! दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, कुरडया एका दिवसात खडखडीत वाळतात, आणि माझे तीन किलोवॉटचे पॅनल त्या उन्हात नुसते तापत पडलेत. कशासाठी? एका नेट मीटरसाठी. भिंतीवर लावायचा, दोन हातांत मावेल एवढा डबा.

ज्यांच्या घरी अजून सोलर नाही त्यांना सांगते, कारण मलाही हे मार्चपर्यंत ठाऊक नव्हतं. आपला जुना मीटर फक्त आत येणारी वीज मोजायला बसवलेला असतो. सोलरची वीज दिवसा घरात खपते आणि उरलेली तारेतून बाहेर जाते. ती वेगळी मोजून रात्री आपण घेतलेल्या विजेतून वजा करायची तर दोन्हीकडून मोजणारा मीटर हवा. तो नसताना सिस्टीम चालू केली तर कित्येक जुने मीटर बाहेर गेलेले युनिटही आपणच वापरले असं धरून बिलात चढवतात. म्हणजे वीज आपण बनवायची, कंपनीला द्यायची आणि वर तिचे पैसेही आपणच भरायचे. म्हणून ती चिकटपट्टी. पोरांनी बरोबर केलं, त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो या गोष्टीचा की सरकारने सांगितलेलं एकही काम या घराने कधी टाळलं नाही. 2015 मध्ये एलईडी बल्बची उजाला योजना आली, आम्ही घरातले सगळे बल्ब काढून एलईडी लावले. फ्रिज बिघडला तेव्हा चार हजार जास्त मोजून पाच स्टारचा घेतला. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा म्हणाले, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या माझ्या सासूबाईही भाजीची सालं हिरव्या डब्यात आणि दुधाच्या पिशव्या निळ्यात टाकायला शिकल्या. त्याच ओल्या कचऱ्यावर देवगुराडियाला रोज 550 टन कचऱ्याचा गॅस करणारा बायो-सीएनजी प्लांट उभा राहिला, 19 फेब्रुवारी 2022 ला त्याचं उद्घाटन झालं आणि त्या गॅसवर शहरात बस धावतात. मला त्याचा अभिमान आहे, अगदी मनापासून. नर्मदेचं पाणी आपल्याला सत्तर किलोमीटरवरून उचलून आणावं लागतं, त्या पंपांच्या बिलाने महापालिका घाईला आली, तर 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून नर्मदेकाठच्या जलूदला 60 मेगावॉटच्या सोलर प्रकल्पाची तजवीज केली. हे सगळं याच गावात झालं. म्हणूनच जास्त चीड येते. डोंगराएवढी कामं होतात, आणि माझ्या भिंतीवर चार स्क्रू मारून एक डबा लावायला माणूस मिळत नाही?

योजना वाईट नाही, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. पीएम सूर्य घर. फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाली, 75,021 कोटी रुपये, एक कोटी घरांचं उद्दिष्ट. पहिल्या दोन किलोवॉटना किलोवॉटमागे 30,000, तिसऱ्याला 18,000, मिळून जास्तीत जास्त 78,000 रुपये सबसिडी. त्यातून 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पुण्याहून मुलगा म्हणाला, आई, आता थांबू नका. आमच्या ह्यांनी दोन रात्री वहीत आकडेमोड केली आणि आम्ही उडी घेतली. सबसिडीसाठी देशात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर पॅनलच लागतात. ते महाग पडतात, तरी तेच घेतले. दीड लाखाचं कर्ज काढलं. बँकेने, खरं सांगते, नऊ दिवसांत पैसे दिले. हप्ता एप्रिलपासून सुरू झाला, साडेसतराशे रुपये. आणि मेचं विजेचं बिल आलं 3,240. दोन्ही भरतोय. पेन्शनीत.

आता नावाचा प्रकार ऐका. कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर होतं, ते 2011 मध्ये गेले. नाव बदला म्हणाले. कबूल, ते काम आम्ही आधीच करायला हवं होतं. धाकटे दीर ग्वाल्हेरला, नणंद बडोद्याला. दोघांनी स्टॅम्प पेपरवर ना हरकत लिहून कुरिअरने पाठवली, वन्संनी तर ताप असताना नोटरीकडे जाऊन. नाव बदललं. मग पोर्टलवर अर्ज अडकला, नाव जुळत नाही म्हणून. का? आमच्या आडनावात ळ आहे. आधारवर ळ आहे. वीज बिलावर ल आहे, कारण इथल्या हिंदी कारभारात ळ लिहिण्याची पद्धत नाही. आणि बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. तिन्ही ठिकाणी माणूस तोच, पत्ता तोच, फोटो तोच. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "आंटी, नाम में गलती है, सुधरवा के लाओ." अरे, चूक नाही ती, ते आमचं आडनाव आहे! होळकरांच्या राजधानीत राहतो आम्ही, त्या होळकरांच्या नावातही ळ आहे. चार पिढ्या या गावात गेल्या आणि आम्ही आमचंच नाव चुकीचं आहे असं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं? दिलं. शेवटी दिलं. ह्यांनी सही केली तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिलाय, तो मी विसरणार नाही.

त्यानंतर झोन, म्हणजे वीज कंपनीचं आमच्या भागातलं ऑफिस. लोकमान्य नगरहून आमच्या झोन ऑफिसला रिक्षाने जाऊन-येऊन सव्वाशे रुपये. मी सात वेळा गेले. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी जाते. पहिल्यांदा म्हणाले, तपासणी व्हायची आहे. जेई साहेब, म्हणजे कंपनीचे ज्युनियर इंजिनियर, आले, पाच मिनिटं अर्थिंगची वायर पाहिली, पॅनलच्या नंबरांचे फोटो काढले, "बढ़िया काम हुआ है" म्हणाले आणि गेले. मला वाटलं, झालं. दुसऱ्यांदा गेले तर मीटर लॅबमध्ये टेस्टिंगला आहे. तिसऱ्यांदा, लॅबमधून आलाय पण सील करणारा माणूस लग्नाला गेलाय. चौथ्यांदा कळलं की तो मीटर दुसऱ्याच कोणाच्या तरी अर्जावर निघून गेला. पाचव्यांदा, आता नवे स्मार्ट मीटरच लावायचेत, त्याची यादी वरून येईल. सहाव्यांदा टेबलावर कोणीच नव्हतं, पंखा तेवढा फिरत होता. सातव्यांदा, म्हणजे काल, नुसतं एवढंच: "मैडम, मंगलवार को आ जाइए." कोणता मंगळवार, ते मी विचारलं. त्यावर त्याने वर पाहिलंही नाही.

मी ओरडले नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, चारचौघांत आवाज चढवायची सवय नाही. पण घरी येऊन भांडी घासताना हात थरथरत होते.

आणि नियम नाही असंही नाही! मुलाने शोधून पाठवला, मी छापून पिशवीत ठेवलाय. वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती झाली. 10 किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या सोलरला आधीची तांत्रिक व्यवहार्यता तपासणी नको. आणि बसवल्याचा दाखला दिल्यापासून करार, मीटर आणि सिस्टीम सुरू करणं, सगळं 15 दिवसांत. आधी ही मुदत 30 दिवस होती, ती मुद्दाम कमी केली. दिल्लीत कोणीतरी नीट विचार करून हे लिहिलंय. त्यांना कळत होतं की लोक इथेच अडकतात. मग तो कागद लोकमान्य नगरपर्यंत का पोचत नाही? मी तो खिडकीवर ठेवला तर मुलगा म्हणाला, हे वरचं आहे, आमच्याकडे असा ऑर्डर आलेला नाही.

काल रात्री मीही वही घेऊन बसले. तीन किलोवॉटची सिस्टीम दिवसाला सरासरी 12 युनिट देते. 62 दिवसांचे झाले 744. आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पाचशे किलोंच्या वर. एका घराचा. खंडव्याकडे सिंगाजीचं 2520 मेगावॉटचं कोळशाचं केंद्र आहे. माझ्या डोक्यावर पॅनल तयार असताना माझ्या पंख्यासाठी, माझ्या मिक्सरसाठी असल्याच भट्ट्यांत कोळसा जळतोय. आणि हे दोन महिने वर्षातले सर्वात भरघोस उन्हाचे होते. आता जूनमध्ये ढग येतील, उत्पादन घसरेल. जे गेलं ते गेलं, ते ऊन मला कोणी परत देणार नाही.

देशात छतांवर 2022 पर्यंत 40 गिगावॉट सोलर करू असं ठरलं होतं. 2022 संपलं तेव्हा आपण त्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतही पोचलो नव्हतो. तेव्हा म्हणायचे, लोकांना आवड नाही, जागरूकता नाही. मला हे वाक्य आता ऐकवत नाही. जागरूकता कसली हवी आहे अजून? फोन तर दिवसातून तीन वेळा येतात, मॅडम सोलर लगवा लीजिए. लावलंय हो! लावून बसलेय!

पण सर्वात जास्त कशाने जळते सांगू? आमच्या गल्लीत तीन घरं माझ्याकडे बघून थांबली होती. समोरच्या वहिनी, कोपऱ्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर काका, आणि मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी मुलगी, जिचं दिवसभर मशीन चालतं आणि जिला ही वीज माझ्यापेक्षा जास्त उपयोगाची होती. पॅनल चढले त्या दिवशी तिघंही गच्चीवर येऊन पाहून गेले. पोस्टमास्तर काकांनी तर कंपासने दक्षिण दिशा बघून घेतली. मी सगळ्यांना चहा केला आणि म्हटलं, महिन्याभरात बिल दाखवते तुम्हाला. आता वहिनी भाजीवाल्यापाशी भेटल्या की हळूच विचारतात, "आलं का हो मीटर?" आणि मी मान हलवली की त्या जास्त काही बोलत नाहीत. परवा कळलं, काकांनी तेच पैसे मुदत ठेवीत टाकले. त्या मुलीने तर विचारच सोडला. एका मीटरने चार घरं अडवली. एक कोटी घरं अशी कशी होणार? दूरदर्शनवर जाहिरात पाहून माणूस सोलर लावत नाही, शेजारच्या काकूंचं बिल शंभरावर आलेलं पाहून लावतो. ते बिल दाखवायची मला केवढी हौस होती!

राज्याच्या हेल्पलाइनवर तक्रार केली होती तीही सांगून टाकते. चौथ्या दिवशी फोन आला, "आपकी समस्या का समाधान हो गया है?" मी म्हटलं, नाही. संध्याकाळी मेसेज आला, तक्रार निकाली. पुन्हा टाकली. पुन्हा निकाली.

तर उद्या मी आठव्यांदा जाणार आहे. मंगळवार नाही उद्या, तरी जाणार. सोबत लेखी अर्ज, तीन प्रतींत, त्यात दाखला दिल्याची तारीख, आजपर्यंतच्या दिवसांची संख्या आणि त्या 15 दिवसांच्या नियमाची प्रत. एका प्रतीवर पोच मिळाल्याशिवाय उठायचं नाही. पोस्टमास्तर काका म्हणाले, मीही येतो, सरकारी पोच कशी घ्यायची ते मला कळतं. अर्जात आडनाव मी ळ ने लिहिलंय. डबा भरून घेणार आहे, पाण्याची बाटली पण. साडेदहाला झोन उघडतो.