जैसलमेर व्हाया बाळापूर

दिवाळीच्या सुट्टीत गाडीनं राजस्थान करायचं, हे मी पहिल्यांदा बोललो ते ओसरीवर. तिथंच चुकलं. आमच्याकडे ओसरीवर बोललेली गोष्ट घरातल्यांच्या आधी गावाला कळते. संध्याकाळी पारावर गेलो तर एकानं विचारलं, "काय मास्तर, पाकिस्तानात जाऊन रायले म्हनतात?"

बेत साधा होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सव्वीस वर्षं फळ्यावर थरचं वाळवंट काढतोय, पिवळ्या खडूनं. ठिपके ठिपके दिले की वाळवंट झालं. मागच्या वर्षी पाचवीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, तुमी पाह्यलं काय हे?" मी त्याला पाढे म्हणायला लावले, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. साडभाऊंकडे सात सीटांची गाडी, पोराकडे लॅपटॉप, माझ्याकडे सुट्टी. आणखी काय पाहिजे?

पोरानं पुण्याहून एक्सेलमध्ये तक्ता करून पाठवला. आमच्या गावापासून जैसलमेर एका बाजूनं तेराशेच्या आसपास किलोमीटर. पहाटे पाचला निघायचं, बऱ्हाणपूरवरून इंदूर गाठायचं, तिथं मुक्काम. मग चित्तोड, उदयपूर, कुंभलगड, जोधपूर, जैसलमेर आणि परतीला जयपूर. नऊ दिवस. मध्येमध्ये 'फोटो, २० मिनिटं', 'चहा, १५ मिनिटं' असे रकाने. आमचे साडभाऊ चहा बशीत ओतून, फुंकून, राजकारण संपवून पितात. त्यांचे पंधरा मिनिटं तर कप धुतला आहे की नाही हे पाहण्यात जातात. पोरगा पुण्यात राहून हे विसरला असावा.

तक्त्यावर पहिला हात मायनं मारला. वय एक्याऐंशी, वाचता येत नाही, पण रस्त्यावरचे देव तिला सगळे पाठ.

"जातच आहा त शेगाव करूनच निंगा. महाराजाले सांगतल्याशिवाय कुठी जातेत काय?"

शेगाव वाटेवरच, मी हो म्हटलं. हेच नडलं. पुढं नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती, "त्याच्या पायापाशी गाडी उभी न करता जासान काय?" मग मुक्ताईनगरची मुक्ताई. मग ओंकारेश्वर, ते तर रस्त्यावरून "थोडकसं आत". इंदूरला गेलो म्हणजे उज्जैनचा महाकाल आलाच. चित्तोडजवळ सांवलियाजी, उदयपूरजवळ नाथद्वारा, अजमेरजवळ पुष्कर. पुष्करला ब्रह्मदेवाचं देऊळ आहे हे मीच तिला कौतुकानं सांगितलं होतं. आपल्याच पायावर धोंडा. पोरानं नवा तक्ता केला. त्यात तिसऱ्या दिवशी दुपारीही आम्ही मध्य प्रदेशातच होतो.

बिकानेरजवळच्या देशनोकच्या करणीमातेचं मात्र मायनं नाव काढू दिलं नाही. तिथं देवळात उंदीर मोकळे फिरतात आणि लोक त्यांना प्रसाद खाऊ घालतात, असं मी सांगितलं. घरात कापूस ठेवायच्या खोलीत तिनं त्याच दिवशी उंदराचं औषध टाकलं होतं. "नोको बाप्पा," ती म्हणाली, "त्याहिले वास आला त?"

आता मोठे भाऊ. दादा शेती पाहतात. त्यांचं घर दीड वर्षापासून जोत्यावर अडकून आहे, कारण रेती. विदर्भात रेती म्हटलं की माणसाचा चेहरा बदलतो. घाटाचा लिलाव होत नाही, झाला तर भाव परवडत नाही, आणि रात्रीची येते तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. अशा माणसाला मी मोबाइलवर सम गावचे रेतीचे ढिगारे दाखवले. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर, सोनेरी, वाऱ्यानं लाटा पडलेले, वर मावळता सूर्य. दादांनी चष्मा लावला. फोटो बोटांनी मोठा केला. बराच वेळ पाहिला.

"किती बरास असंन हे?"

"दादा, ते वाळवंट आहे."

"हाव ना. पन राखन कोनाची आहे?"

मी सांगितलं की ही रेती बांधकामाला चालत नाही. वाऱ्यानं घासून घासून तिचे कण गुळगुळीत गोल झालेले असतात, सिमेंटमध्ये एकमेकाला धरत नाहीत. नदीची रेती खरबरीत असते म्हणून ती धरते. दादांनी मोबाइल परत दिला तो असा, की जणू मीच त्यांना भेसळीचा माल दाखवला. "मंग कामाचीच नाही थे," ते म्हणाले. "तेराशे किलोमीटर जाऊन बिनकामाची रेती पाहाची?"

उंटावर बसायचं म्हटलं तर म्हणाले, उंट दरवर्षी आपल्याच धुऱ्यावरून जाते. हे खरं आहे. पीक निघालं की कच्छकडचे मेंढपाळ मेंढ्या घेऊन वऱ्हाडात फिरतात आणि त्यांचा संसार उंटावर असतो: बाज, हंडे, वर बांधलेलं एखादं कोकरू. मेंढ्या वावरात बसवल्या की खत होतं. "तो उंट फुकटात पाह्यतो आपन, वरून लेंड्या भेटते," दादा म्हणाले. "तुया उंट काय देते?"

फक्त कुंभलगडापाशी ते अडकले. त्या किल्ल्याची तटबंदी ३६ किलोमीटर आहे, हे ऐकल्यावर त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. आमच्या वावराला तारेचं कुंपण करायचं तीन वर्षांपासून चाललंय. हरभऱ्यात रोही शिरतात, तुरीत रानडुकरं. दादांनी मनातल्या मनात हिशोब केला असावा. शेवटी म्हणाले, "छत्तीस किलोमीटर कंपाउंड! त्या राजाच्या वावरात रोह्याचा लयच तरास असंन."

बायकोचा आक्षेप जयपूरला होता. जयपूर सवाई जयसिंगानं १७२७ मध्ये वसवलं, चौकटी आखून, सरळ रस्ते काढून, हे ती शांतपणे ऐकत होती. हवामहल १७९९ चा, त्याला ९५३ खिडक्या, असं मी म्हणालो आणि तिनं हातातलं फडकं माझ्याकडे पाहत पिळलं. दिवाळीची साफसफाई सुरू होती. आमच्या घराला खिडक्या आठ.

माय तर उन्हावरच आली होती. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान गेलं, हे मी पोराच्या तक्त्यात माहितीसाठी टाकलं होतं. "तपाले तिकडं कायले जाता? मे मयन्यात आंगनात बसा, फुकटात तपसान." दिवाळीनंतर तिकडं थंडी असते, वाळवंटात रात्री तर शाल लागते, हे तिला पटलं नाही. रेती आहे म्हणजे तापणार. तव्याला थंडी वाजते काय?

मग आमचे शेटजी. वऱ्हाडात प्रत्येक मोठ्या गावाला एक मारवाडी दुकान असतं, तसं आमच्या गावालाही आहे. यांचे पणजोबा मारवाडातून लोटा आणि दोरी घेऊन निघाले ते आमच्या गावी येऊन थांबले. म्हटलं, माहितीचा माणूस घरचाच आहे. गेलो दुकानात, नकाशा उघडला, विचारलं की जोधपूरला कुठं उतरावं, मेहरानगड सकाळी पाहावा की संध्याकाळी. शेटजींनी नकाशा उलटा धरून नीट पाहिला.

"मास्तर, खरं सांगू काय? मी गेलोच नाही बाप्पा कधी तिकडे."

"कधीच नाही?"

"दुकान कोन पाहीन?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिकडचं जेवन कसं असते म्हने?"

आता मी वऱ्हाडी मास्तर मारवाडी शेटजींना दालबाटी समजावून सांगायला लागलो. कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा, फोडून त्यात तूप. शेटजी म्हणाले, "हे त रोडगेच झाले." आणि वांग्याच्या भाजीची आठवण काढून त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. निघताना त्यांनी एक नारळ दिला. "तुमी जाऊनच रायले त आमच्या देवीच्या नावानं फोडजा. राजस्थानात कुठीबी चालीन." सव्वा रुपया दक्षिणा वेगळी, कागदात बांधून.

तारखेचं मी सांगत नाही, कारण त्यात नवीन काही नाही. कापूस, तूर, हरभऱ्याचं पाणी, कोणाचं तरी लग्न, शेगावचा प्रकटदिन, परीक्षा, ऊन. वर्षाला बारा महिने आहेत हे खोटं आहे. भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी निघायचं ठरलं, एवढंच.

फराळाचं मात्र सांगायलाच हवं. साळीबाई दोन दिवस आधी मुक्कामाला आल्या आणि दोघी बहिणींनी असा चिवडा केला, की जणू राजस्थानात चुली विझल्या आहेत. एक डबा पोह्यांचा, एक मुरमुऱ्यांचा, शेव, शंकरपाळे, तिळाची चटणी, मिरचीचा ठेचा दोन बरण्या. एक बरणी गाडीत सांडली तर असावी म्हणून दुसरी. साडभाऊंनी डिकीत सामान बसवून पाहिलं. डबे बसले, स्टेपनी बाहेर राहिली. स्टेपनी काढून ठेवायची की चिवडा, यावर रात्रीपर्यंत चर्चा झाली आणि तुम्हाला वाटतंय तोच निर्णय झाला.

निघायच्या आदल्या रात्री नऊ वाजता दाराची कडी वाजली.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. कापूस फुटून वावर पांढरंफेक झालेलं असतं, वर ढग येतात, आणि वेचणीला बाया मिळत नाहीत. सोळा दिवस दादा गावोगाव फिरत होते. किलोमागं भाव वाढवून पाहिला, येण्याजाण्याला ऑटो लावतो म्हणाले. नाही म्हणजे नाही. आणि आता दारात ती बाई उभी, जिच्या हाताखाली शेजारच्या गावची टोळी आहे.

"उद्या येतो पंधरा जनी. नाही म्हनान त तिकडच्या पाटलाच्या वावरात चाल्लो."

दादा तोंडातून काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, मग डिकीकडे, मग आभाळाकडे. कापूस वजन करायला एक माणूस लागतो, वहीत लिहायला एक, ऑटोसोबत एक. मी पुण्याहून आलेल्या पोराकडे पाहिलं. त्यानं लॅपटॉप बंद केला. त्याचा तक्ता पहाटे पाचला निघणार होता. आम्ही पहाटे पाचलाच निघालो, फक्त वावरात.

तीन दिवस मी काट्यापाशी उभा राहून वजनं लिहिली. चौदा किलो, अठरा, एकवीस. दुपारच्या सुट्टीत पंधरा बायांनी आणि आम्ही मिळून राजस्थानचा चिवडा संपवला. एक म्हातारी म्हणाली, चिवडा चांगला आहे पण शेंगदाणे कमी. साडभाऊ आपली गाडी घेऊन धुऱ्यावर उभे. एवढी धुवून पुसून आणलेली गाडी, आता तिच्यात कापसाची गाठोडी. कापूस मात्र कोरडा घरात आला. त्याच रात्री पाऊस पडला.

पोराची सुट्टी अजून उरली होती, पण नऊ दिवसांइतकी नाही. तो रुसला नव्हता, पण जेवताना मोबाइलमध्ये जैसलमेरचा किल्ला पाहत होता. ११५६ चा किल्ला, आत अजून लोक राहतात, कपडे वाळत घातलेले दिसतात. मला वाईट वाटलं. मग एकदम आठवलं, शाळेतल्या पोरांना दरवर्षी शिकवतो तेच.

"बाळापूरला जाऊ," मी म्हटलं.

बाळापूर आमच्यापासून पंधरा किलोमीटर. तिथं बाजाराला जातात, सहलीला नाही. मन आणि म्हैस या नद्यांच्या मध्ये किल्ला आहे, आणि नदीकाठी एक काळ्या दगडाची छत्री. मिर्झाराजे जयसिंगांची. तेच, ज्यांनी १६६५ मध्ये पुरंदरचा तह केला आणि महाराजांचे २३ किल्ले घेतले. आमेरचे राजे, ज्यानं पुढं जयपूर वसवलं तो त्यांचा खापरपणतू. १६६७ मध्ये ते बऱ्हाणपूरला वारले, म्हणजे आमच्या तक्त्यातल्या पहिल्या दिवसाच्या दुपारी. त्यांच्या आधीचे राजा मानसिंग तर १६१४ मध्ये इथं अचलपूरलाच गेले. राजस्थानचे राजे गाडी नसताना इकडं आले आणि परतही गेले नाहीत. आमच्याकडे गाडी असून आम्ही नांदुऱ्यापर्यंत पोचलो नव्हतो.

साडभाऊ, दोघी बहिणी, पोरगा, दादा, माय. गाडी भरली. स्टेपनी या वेळी डिकीत होती. रोडगे आणि वांग्याची भाजी टोपल्यात. छत्रीखाली सावली होती, दगड थंड. पोरानं तक्त्यातला 'फोटो, २० मिनिटं' हा रकाना वसूल केला. दादांनी खांबावर हात फिरवला, कोपरे पाहिले, दगडाचे सांधे पाहिले आणि विचारलं, "याले रेती कुठची वापरली असंन?" मग नदीच्या पात्राकडे पाहून स्वतःच गप्प झाले.

मायला दगडी पायऱ्या जड गेल्या. टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "कोन देव आहे हा?"

"देव नाही माय. राजाची छत्री आहे. जयपूरकडचा राजा."

"राजस्थानचा?"

"हो."

तिनं पिशवीत हात घातला. शेटजींचा नारळ माझ्या ध्यानातून पार गेला होता, तिच्या नाही. "कुठीबी चालीन म्हने ना तो?" आणि मी काही म्हणायच्या आत तिनं तो मिर्झाराजांच्या पायरीवर आपटला. सव्वा रुपया ठेवला. एक वाटी आम्ही तिथंच रोडग्यांसोबत खाल्ली.

दुसरी वाटी संध्याकाळी दुकानात नेऊन दिली. शेटजींनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

"दर्शन चांगलं झालं ना मास्तर? लवकर आले."

"रस्ता चांगला होता," मी म्हटलं.