जनुक बदललेले डास : फिरणाऱ्या मेसेजमधल्या पाच दाव्यांना उत्तर

डेंग्यूचे दिवस आले की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं : जनुक बदललेला डास चावला की माणसाची जनुकंही बदलतात, ब्राझीलमध्ये झिका याच डासांनी पसरवला, निसर्गाने घडवलेल्या जिवात ढवळाढवळ करणं पाप आहे, डास संपले तर अन्नसाखळी कोसळेल, आणि हे सगळं गरिबांना गिनिपिग बनवून चाललंय. पहिले चार दावे टिकत नाहीत. पाचव्यात तथ्य आहे, पण बाकीच्यांच्या गदारोळात नेमकं तेच बुडतं.

आधी चावण्याचं बघू. रक्त पिते ती मादी, अंडी घालण्यासाठी. नराच्या सोंडेत कातडी भेदण्याची ताकद नसते. तो फुलांच्या रसावर जगतो. भिंगाखाली तो पिसासारख्या झुपकेदार मिशांवरून लगेच ओळखू येतो. जनुक बदललेले डास तयार करणारी ऑक्सिटेक कंपनी एडिस इजिप्ती या डेंग्यू-झिका पसरवणाऱ्या जातीचे नरच सोडते. तिच्या नव्या वाणाची अंडी खोक्यात ठेवून पाणी ओतलं की नर तेवढे बाहेर पडतात, माद्या अळी असतानाच मरतात. हे नर रानातल्या माद्यांशी जुळले की त्यांच्या मुलीही तशाच मरतात आणि डास घटतात. एखादी वाचून चावली, तरी डासाच्या लाळेतून आपली जनुकं बदलत नाहीत.

झिकाचा विषाणू १९४७ मध्ये युगांडात सापडला. २०१३ मध्ये त्याची फ्रेंच पॉलिनेशियात मोठी साथ आली आणि २०१५ मध्ये तो ब्राझीलमध्ये ओळखला गेला. ऑक्सिटेकचे डास तेव्हा बाहिया राज्यातल्या जाकोबिनात सोडले जात होते. साथीचा जबर तडाखा बसलेलं रेसिफे शहर तिथून शेकडो किलोमीटर दूर आहे. मात्र याच जाकोबिनातून २०१९ मध्ये एक अभ्यास आला : सोडलेल्या वाणाच्या जनुकसंचाचे तुकडे स्थानिक डासांत उतरले होते. त्यातल्या काही विधानांवर तो छापणाऱ्या नियतकालिकानेच पुढे शंका नोंदवली, आणि रोग वाढल्याचा पुरावा त्यात नव्हता. तरी ‘मागे काहीच उरत नाही’ असं आश्वासन कुणी देऊ नये.

पापाच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण रानातल्या जिवांची जनुकं आपण आजवर बदललीच नाहीत, असं त्यात धरून चाललेलं असतं. १९५३ मध्ये भारताने मलेरियाविरुद्ध डीडीटी फवारणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असत, ते साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत लाखाच्या घरात आले. १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. कारणं अनेक होती. त्यातलं एक म्हणजे डीडीटीला दाद न देणारे डास. फवाऱ्यात तगण्याजोगी जनुकं ज्यांच्यात होती ते उरले आणि त्यांचीच पैदास वाढली. म्हणजे डासाची जनुकं बदलायला आपण कारण झालोच, तेही न ठरवता, आणि सोबत मासे-पाखरांना विष देऊन. एकाच जातीपुरता, विचार करून केलेला बदल त्याहून मोठं पाप कसा? हिशेब मांडायचाच तर २०२३ मध्ये मलेरियाने घेतलेले सुमारे ५ लाख ९७ हजार जीवही त्यात धरा. आफ्रिकेतल्या मृतांत चारांतली तीन पाच वर्षांखालची मुलं होती.

अन्नसाखळीचं थोडक्यात. डासांच्या साडेतीन हजारांवर जाती आहेत, मोहीम मोजक्यांविरुद्ध आहे. एडिस इजिप्ती तर मूळचा आफ्रिकेचा, अमेरिकेत तो गुलामांच्या जहाजांतून पोचला. आफ्रिकेत मलेरिया पसरवणारा अॅनाफिलिस गॅम्बी मात्र तिथलाच. व्हिक्टोरिया सरोवराकाठी एक कोळी रक्त प्यालेली अॅनाफिलिस मादी निवडून खातो, पण इतर किडेही खातो. केवळ याच डासावर जगणारा प्राणी आजवर आढळलेला नाही.

आता गिनिपिगचा मुद्दा. हा मी खोडणार नाही. ऑक्सिटेकचे डास सोडणं थांबवलं की त्यांचा परिणाम ओसरतो. जीन ड्राइव्ह या दुसऱ्या तंत्राचं तसं नाही. त्यात बदललेलं जनुक निम्म्या नव्हे, जवळजवळ सगळ्या संततीत उतरतं आणि पिढ्यान्‌पिढ्या पसरत जातं. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी पिंजऱ्यातली डासांची वसाहत अशाने ७ ते ११ पिढ्यांत संपवली. मोकळ्यावर असा डास अजून कुठेही सोडलेला नाही. उद्या पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या एका गावाने होकार दिला, तर शेजारच्या माली आणि घानाच्या वतीने तो कुणी द्यायचा? २०१९ मध्ये तिथल्या बाना गावात जीन ड्राइव्ह नसलेले वंध्य नर गावकऱ्यांच्या संमतीने सोडले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने ते नर सोडणाऱ्या प्रकल्पाचं कामच थांबवलं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २०१६ मध्ये ऑक्सिटेकचे डास सोडावेत का यावर मतदान झालं, मन्रो काउंटीने (जिल्ह्याने) होकाराचा कौल दिला, पण जिथे डास सोडायचे होते त्या ‘की हेवन’ वस्तीने नकार दिला. २०२१ मध्ये डास दुसऱ्या बेटांवर सोडले गेले. नकाराला किंमत असणं ते हेच.

आपल्याकडे दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेचा असाच डास-प्रकल्प होता, पैसा अमेरिकेचा. जैविक युद्धाचा संशय पेटला आणि १९७५ मध्ये, हरियाणातल्या सोनिपतला डास सोडण्याआधीच, तो गुंडाळावा लागला. जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत २०१७ मध्ये ऑक्सिटेकच्या डासांच्या चाचण्या जाळीच्या पिंजऱ्यांत सुरू झाल्या होत्या. उद्या कुणी मोकळ्यावर डास सोडायची परवानगी मागितली, तर ग्रामसभेने विचारावं : नाही म्हणायचा हक्क आम्हाला आहे का, आकडे आधी जाहीर होणार का, बिघडलं तर थांबवणार कोण आणि भरपाई कुणाच्या खिशातून?