लाल रेघ ओढणाऱ्याने शेजारी बसावे

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता एम.ए.च्या पहिल्याच वर्षी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले आहे. चार श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे १२० तासांचे काम. लेखनात किंवा प्रकाशनात जाऊ इच्छिणारी बरीच मुले हे तास विद्यापीठाच्या नियतकालिकात भरतात. यंदा ओळखीतल्या दोघींनी मला विचारले की तिथे जावे का. मी स्वतः मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या मासिकात प्रशिक्षणार्थी लेखक म्हणून काम केले आहे, म्हणून त्या दोघींना फोनवर जे सांगितले ते इथे सविस्तर लिहिते. मला त्या कामाचा फार मोठा उपयोग झाला, पण तो निव्वळ योगायोगाने झाला, आणि विद्यार्थ्याचे शिकणे असे योगायोगावर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिला दीड महिना मी फक्त वृत्तांत लिहिले. सकाळी डोंबिवलीहून निघायचे, सभागृहात मागच्या रांगेत बसायचे, पाहुण्यांची नावे आणि पदे बिनचूक उतरवून घ्यायची आणि ‘मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करून कार्यक्रमाची सुरुवात झाली’ या वाक्यापासून ‘राष्ट्रगीताने सांगता झाली’ या वाक्यापर्यंतचा मजकूर संध्याकाळी ईमेलने पाठवायचा. अंक हाती आल्यावर कळायचे की मजकूर निम्मा कापला आहे. का कापला हे कोणी सांगत नसे, वृत्तांताखाली लिहिणाऱ्याचे नाव नसे आणि हजेरीपत्रकावरची सही मात्र वेळच्या वेळी मिळे. ज्यांच्याकडे मासिकाचा अतिरिक्त कार्यभार होता त्या प्राध्यापकांना मी दोष देत नाही. तासिका, पेपरतपासणी आणि बैठका यांतून उरलेल्या वेळात ते मासिक काढत होते. पण माझे अर्ध्याहून अधिक तास असे गेले आणि त्यांतून मी एकही वाक्य लिहायला शिकले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

बदल झाला तो मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या एका निवृत्त मुद्रितशोधकांमुळे, म्हणजे प्रूफरीडरमुळे. धातूच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवून छपाई होई त्या काळापासून छापखान्यात काम केलेला हा माणूस. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ग्रंथालयात जुनी पुस्तके बांधणाऱ्या कर्मचाऱ्यावर मी एक लेख लिहिला होता आणि त्यात ‘जीर्ण ग्रंथांना नवसंजीवनी देणारे हात’ असे वाक्य मोठ्या हौसेने घातले होते. काकांनी मला शेजारची खुर्ची ओढून बसायला सांगितले, त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारले, “अगं, हे हात करतात काय? सुटलेलं पुस्तक समोर आलं की आधी काय करतात?” मला सांगता आले नाही. “मग परत जा आणि बघून ये,” एवढेच ते म्हणाले.

मी दोन दुपारी बांधणीच्या खोलीत बसून राहिले. आधी जुनी शिवण उसवतात. मग फर्मे वेगळे करतात, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून झालेल्या पानांच्या जुड्या सोडवतात. घडीवर कागद फाटला असेल तर तिथे पातळ कागदाची पट्टी लावतात आणि सगळे फर्मे क्रमाने रचून पुन्हा दोऱ्याने शिवतात. मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात, कारण नुसत्या खळीला कसर लागते. त्या खळीचा वास, दाभण पेलायच्या सवयीने बोटावर पडलेला घट्टा, पुठ्ठा चढवण्याआधी कण्यावरून अंगठा फिरवून शिवण चाचपण्याची त्यांची पद्धत, यातले काहीही माझ्या पहिल्या मजकुरात नव्हते. दुसरा खर्डा लांबीने कमी झाला आणि त्यात एकही विशेषण फुकट गेले नाही.

वर्षे आणि तारखा यांच्या बाबतीतही काका असेच काटेकोर होते. एका लेखात मी सहज लिहून गेले होते की १८५७चा उठाव शमल्यावर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्यांनी दोन्ही तारखा शोधून आणायला लावल्या. मेरठचा उठाव १० मे रोजी सुरू झाला आणि विद्यापीठ १८ जुलैला स्थापन झाले, म्हणजे तेव्हा उत्तरेत लढाई चालू होती. माझ्या एका शब्दाने इतिहासाचा क्रमच उलटा झाला होता. शुद्धलेखनाचेही तसेच. १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम मी शाळेत पाठ केले होते, पण ‘विद्यार्थी’ दीर्घ असताना ‘विद्यार्थिमंडळ’ ऱ्हस्व का, हे मला त्या खुर्चीवर बसून कळले.

त्यांचा आणखी एक आग्रह होता, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. मजकूर छापायला देण्याआधी तो माणसांसमोर मोठ्याने वाचायचा. ही पद्धत मुंबईला नवी नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन या शिक्षणसंस्थेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १८४८ मध्ये उभ्या राहिलेल्या ज्ञानप्रसारक सभेत आधी निबंध वाचले जात आणि १८५० पासून ते ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात छापले जात. या शहरात विद्यार्थ्यांच्या मराठी गद्याची सुरुवातच ऐकणाऱ्यांसमोर झाली. मोठ्याने वाचताना ‘करण्यात आले’, ‘संपन्न झाले’ अशी वाक्ये आपोआप अडखळतात, आणि जे वाक्य तुम्हालाच एका दमात वाचता येत नाही ते वाचकाला कसे झेपणार?

म्हणून विद्यापीठांच्या मासिकांकडे आणि विभागप्रमुखांकडे माझे आग्रहाचे मागणे आहे की श्रेयांक हजेरीवर देऊ नका. विद्यार्थ्याने केलेले खर्डे, त्यांवरच्या दुरुस्त्या आणि शेवटी छापलेला मजकूर, हे तिन्ही एकत्र ठेवा आणि त्यावर द्या. १२० तासांपैकी निदान वीस तास संपादकाने किंवा मुद्रितशोधकाने त्या मुलाच्या शेजारी बसून घालवावेत. मजकुराखाली त्याचे नाव छापावे, आणि बदलापूर किंवा विरारहून येणाऱ्या मुलाला किमान पासाचे आणि जेवणाचे पैसे द्यावेत, कारण ते न दिल्याने ज्यांच्या घरून खर्च झेपत नाही अशी मुले पहिल्या आठवड्यातच गळतात. दीपप्रज्वलनाचा वृत्तांत तर आता मोबाईलवरचे एआयसुद्धा लिहून देते. त्यासाठी विद्यार्थ्याचा वेळ खर्ची घालण्यात काहीच अर्थ उरलेला नाही. बांधणीच्या खोलीत जाऊन बसायला मात्र माणूसच लागतो.

यावर ‘आमच्याकडे शिकवायला माणूस नाही’ असे उत्तर येते, ते मला ठाऊक आहे. गिरगाव, दादर, ठाणे, डोंबिवली इथे आयुष्यभर छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत मुद्रिते वाचलेली माणसे घरी बसून आहेत. मानाने बोलावले आणि योग्य मानधन दिले तर त्यांतली कितीतरी आनंदाने येतील. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याही पुस्तकात उतरलेले नाही, आणि दर वर्षी त्यांतले काही कायमचे हरवते आहे.

त्या दोघींना मी जायला सांगितले आहे. पहिल्याच दिवशी ‘माझा मजकूर कोण तपासणार आणि मला शेजारी बसू देणार का’ हे विचारून घ्या, असेही सांगितले आहे. तिथे कोणी नसेल तर त्यांनी आपले खर्डे माझ्याकडे आणावेत. शनिवारी दुपारी दोन ते पाच मी घरी असते, आणि पेन्सिली टोक करून ठेवल्या आहेत.